निर्णयसागरकार जावजी दादाजी आणि आपले पदवीधर तरुण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी प्रसिद्ध होते. ती वाचताना कोणाही ज्ञातिबांधवाचे मन अभिमानाने भरून यावे असेच तिचे स्वरूप असते. वैद्यकी, अभियांत्रिकी, हिशेबतपासणी, संगणक अशा नाना क्षेत्रांत आपली मुले-मुली चमकत आहेत. परंतु ह्या यादीत वृत्तपत्रव्यवसाय किंवा ग्रंथप्रकाशन ह्यांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव क्वचितच आढळते. अशी आवड असणारी मुले आपल्यात नाहीत असे मात्र नाही. आम्ही अध्यापनाच्या निमित्ताने शेकडो मुलांचे निबंध तपासले, आणि ज्यांच्या हाती लेखणी खरोखर शोभून दिसते अशी मुले आम्हांस प्रत्येक वर्गात भेटली. पुढे महाविद्यालयात गेल्यावर त्यांपैकी एखाद्याने आपणांस पत्रकार व्हावयाचे आहे असे घरी सांगितले, की घरात शांतता पसरते. वडील म्हणतात, त्यात पोट भरेल काय? आई म्हणते, लग्नाच्या वेळी लोकांस काय सांगावयाचे?

हे प्रश्न अनाठायी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. संसाराची जबाबदारी वाहणाऱ्या माणसाने ते विचारलेच पाहिजेत. पण त्यांचे उत्तर ऐकीव गोष्टींवरून न देता एखाद्या माणसाच्या चरित्रावरून द्यावे असे आमच्या मनात आले. त्या दृष्टीने शोध घेता आमच्या डोळ्यांपुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी ह्यांची मूर्ती उभी राहिली. जावजी आपल्या ज्ञातीचे नव्हेत. ते मुंबईच्या एका गरीब मराठा कुटुंबात जन्मले. परंतु ज्याच्या उद्योगाचे फळ सर्व मराठी माणसांनी चाखले, त्याचे चरित्र कोणत्याही ज्ञातीच्या अंकात शोभावे असेच आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईस झाला. त्या काळी मराठी मुद्रणकला बाल्यावस्थेत होती. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घालून १८१७ पासून मराठी पुस्तके छापावयास प्रारंभ केला होता. बाळशास्त्री जांभेकर ह्यांचे ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यास जावजींच्या जन्मसमयी अवघी सात वर्षे झाली होती. मिशनच्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी ह्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढून शिळाप्रेसवर पोथ्या व पंचांगे छापली. छापील पोथीस शिवावयास सोवळी मंडळी तयार नसत, कारण शाईत चरबी असते असा समज होता. तेव्हा धार्मिक ग्रंथांकरिता तुपाची शाई वापरण्यात येत असे, असे सांगतात. ज्ञान छापून घरोघर पोहोचविणे हाच त्या पिढीस नवलाचा व काहीसा संशयाचा विषय होता.

जावजींच्या घरची अत्यंत गरिबी होती. शाळेत बसून चार बुके शिकावी अशी परिस्थिती नव्हती. दहा वर्षांच्या सुमारास त्यांस अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील टाइप ओतण्याच्या विभागात काम मिळाले. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार होता महिना दोन रुपये.

हे काम कसे असते हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे, कारण खिळ्यांची छपाई आता जवळजवळ नामशेष झाली आहे. प्रथम एका पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर उलटे अक्षर कोरतो. ती कांब तांब्याच्या तुकड्यावर ठोकली म्हणजे त्यावर अक्षराचा खोल ठसा उमटतो. हा तुकडा साच्यात बसवून त्यात शिसे, कथील व अँटिमनी ह्यांचा वितळलेला रस ओतावयाचा. तो थिजला की अक्षराचा खिळा तयार. परंतु साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांस धातूचे कण चिकटलेले असतात. ते दगडावर घासून काढावे लागतात. कमी घासला तर खिळा ओळीत बसत नाही. अधिक घासला तर ओळ ढिली पडते. रोमन लिपीस शंभर-दीडशे प्रकारच्या खिळ्यांत भागते; आपल्या देवनागरीस काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरे ह्यांमुळे कितीतरी शेकडे प्रकार लागतात. अशा असंख्य खिळ्यांची घासणी करीत ह्या मुलाचे दिवस जात. पुस्तक वाचण्याचे भाग्य त्यास लाभले नव्हते, पण पुस्तक ज्यापासून घडते तो कण नि कण त्याच्या बोटांखालून गेला.

ह्या विभागावर टॉमस ग्रॅहम नावाचे निष्णात कारागीर देखरेख करीत. मराठी अक्षरांस सुबक वळण देण्याच्या कामी त्यांचे नाव मुद्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. अशा गुरूच्या हाताखाली राहून जावजींनी आपल्या नेमून दिलेल्या कामापलीकडे पाहिले. खिळा कसा ओततात, रसाचे प्रमाण काय, साचा केव्हा बिघडतो, हे सर्व त्यांनी हळूहळू आत्मसात केले. पुढे मिशनने हा व्यवसाय आवरता घेतला तेव्हा जावजी बेकार झाले नाहीत, कारण तोवर ते जाणकार कारागीर झाले होते. टाइम्स ऑफ इंडिया व इंदुप्रकाश ह्यांसारख्या छापखान्यांतून त्यांनी नोकऱ्या केल्या. वृत्तपत्राच्या छापखान्यात घड्याळाच्या काट्यावर काम करावे लागते. तेथला खिळा झिजतो लवकर व बदलावा लागतो वरचेवर. मुंबईत छापखाने वाढत आहेत, वृत्तपत्रे निघत आहेत, आणि चांगल्या मराठी टाइपाची सर्वांसच वाण आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

१८६४ साली, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. त्यांच्या जवळ मोठे भांडवल नव्हते. होते ते हातातले कसब, आणि राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कुशल सहकारी. आरूंनी कोरलेली देवनागरी अक्षरे भरदार, डौलदार व डोळ्यांस सुख देणारी होती. ज्याची पदवी नाही, ज्याने ग्रंथ लिहिला नाही, अशा ह्या कारागिराच्या हातचे वळण पुढे हिंदुस्थानभर संस्कृत वाचणाऱ्यांच्या डोळ्यांखालून गेले. टाइपास मागणी येऊ लागली. तेव्हा इतरांस खिळे विकण्याबरोबर आपणच का छापू नये, असा विचार जावजींनी केला आणि १८६९ साली छापखाना सुरू केला. त्याचे नाव निर्णयसागर. त्या नावाचे पंचांग लवकरच घरोघर खुंटीस लागले. पंचांग ही दरवर्षी लागणारी वस्तू. त्यात तिथीचा एक आकडा चुकला तर सगळ्या गावाची एकादशी चुकावयाची. शुद्ध छपाईचा कस लागावा आणि धंद्यास दरसालचा आधारही मिळावा असे हे काम होते.

आता जावजींच्या चरित्रातील अत्यंत मननीय भाग येतो. निर्णयसागरची कीर्ती झाली ती संस्कृत ग्रंथांमुळे. कालिदास, बाण, भवभूती ह्यांच्या ग्रंथांवर कोणाचीही मालकी नव्हती. ते कोणीही छापावे, कोणीही विकावे. बाजारात त्यांच्या स्वस्त आवृत्त्या होत्याच. मग जे सर्वांस फुकट उपलब्ध आहे, त्याकरिता काशीच्या किंवा म्हैसूरच्या पंडिताने मुंबईच्या छापखान्यास पैसे का पाठवावे? ह्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते शुद्धता हे होय. ज्या माणसाचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते त्याने शास्त्री-पंडितांस सन्मानाने आपल्या छापखान्यात आणले, निरनिराळी हस्तलिखिते मिळवून ताडून पाहण्याच्या कामास लावले, आणि मुद्रिते पुनःपुन्हा तपासून घेतली. काशिनाथ पांडुरंग परब हे त्यांपैकी प्रमुख. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व परब ह्यांच्या संपादनाखाली १८८६ साली ‘काव्यमाला’ सुरू झाली. जगन्नाथपंडितांचा ‘रसगंगाधर’, आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ असे दुर्मीळ व थोर ग्रंथ तीतून बाहेर आले. १८८९ साली सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ निघाला. परबांनी संकलित केलेले ‘सुभाषितरत्नभांडागार’ तर शाळामास्तरांचा जन्माचा सोबतीच झाले. निर्णयसागरची प्रत म्हणजे विश्वासाची प्रत, असा लौकिक ह्या देशात व परदेशांतील विद्यापीठांतही झाला.

मराठीकडेही जावजींनी दुर्लक्ष केले नाही. विनायक कोंडदेव ओक ह्यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक १८८१ पासून निर्णयसागरातून निघू लागले व दीर्घकाळ चालले. थोर पुरुषांची चरित्रे, शास्त्रीय माहिती व सुबोध कविता ह्यांनी भरलेल्या त्या अंकांवर मराठी मुलांच्या दोन पिढ्या वाढल्या. १८९० साली वामन दाजी ओक ह्यांच्या संपादनाखाली जुन्या मराठी कवींच्या कवितांचा ‘काव्यसंग्रह’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. लहान मुलापासून महापंडितापर्यंत सर्वांस पुरेल असा हा व्याप दोन रुपये पगाराच्या खिळेघाशा मुलाने उभा केला होता.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्यांच्या मागे चिरंजीव तुकाराम जावजी ह्यांनी संस्था वाढविली. भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ काव्यमालेत १८९४ साली प्रसिद्ध झाले. पुढे पांडुरंग जावजी ह्यांनी धुरा वाहिली, आणि त्यानंतरच्या काळातील ग्रंथांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाई पांडुरंग असे नाव छापलेले दिसते. आमच्या भगिनींनी हे नाव विशेषेकरून लक्षात ठेवावे. ह्याच क्षेत्रात तानूबाई बिर्जे ह्यांनी १९०८ नंतर, पतीच्या निधनानंतर, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन केले होते. मुलींनी ह्या व्यवसायात येणे ही काही आजची टूम नव्हे.

कालमानाने खिळ्यांची छपाई मागे पडली. निर्णयसागरचे ते वैभवही राहिले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकाने मुद्रणव्यवसायाचे रूपच पालटले. जुळाऱ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या व अनेक हात रिकामे झाले. पण चमत्कार असा, की निर्णयसागरच्या जुन्या प्रतींचीच छायामुद्रणे दिल्ली व वाराणसी येथील प्रकाशक काढीत आले आहेत आणि आजही संशोधक त्यांचा उपयोग करतात. यंत्र गेले, खिळे वितळले, परंतु कोणा शास्त्र्याने दिव्याच्या उजेडात दुरुस्त केलेली मात्रा अजून जागेवर आहे.

ह्यावरून आपल्या तरुणांनी काय घ्यावे? आमच्या मते बोध एकच. जावजींच्या काळी कालिदास फुकट होता; आज बातमी फुकट आहे. हातातल्या दूरध्वनीवर क्षणोक्षणी मजकूर येऊन आदळतो; त्याची किंमत कोणी देत नाही आणि खरेखोटेपणाची हमीही कोणी देत नाही. अशा वेळी पत्रकाराजवळ किंवा प्रकाशकाजवळ विकावयास काय उरते? विश्वास उरतो. ही बातमी तपासलेली आहे, हे पुस्तक वाचून, शोधून, सुधारून छापलेले आहे, एवढे ज्याच्या नावावरून कळते, त्यास आजही ग्राहक आहे. आणि हा विश्वास पदवीच्या कागदावर मिळत नाही. तो खिळ्याखिळ्याने घासून काढावा लागतो.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. वृत्तपत्र म्हणजे केवळ वार्ताहर नव्हे. आलेला मजकूर नीटनेटका करणारे उपसंपादक, छायाचित्रकार, पानांची मांडणी करणारे, आकडेवारीचा अर्थ लावणारे, बातमीची सत्यता पडताळणारे, आकाशवाणी व दूरचित्रवाणीसाठी संहिता लिहिणारे, अशी अनेक प्रकारची माणसे तेथे लागतात. प्रकाशनव्यवसायात आलेली हस्तलिखिते वाचून मत देणारे, संपादक, मुद्रितशोधक, अनुवादक, चित्रकार, निर्मितीची व्यवस्था पाहणारे, विक्रेते, तसेच लेखकाशी करार करणारे जाणकार लागतात. १९५७ च्या कायद्यान्वये लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. त्यामुळे हक्कांचे व्यवहार समजणारा कायद्याचा पदवीधर प्रकाशकास हवाच असतो. ध्वनिमुद्रित पुस्तके व चित्रपटांखाली येणारी भाषांतरे ही नवी दालनेही उघडली आहेत. अक्षरे घडविण्याची जावजी-आरूंची कला तर नव्या रूपात पुन्हा बहरली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या मंडळीने केलेली देवनागरी अक्षरे आज संगणकांवर सर्वत्र दिसतात.

शिक्षणाच्या सोयीही आहेत. पुण्यास विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मुंबई विद्यापीठातही असा विभाग आहे. मुद्रणाचे तंत्र शिकावयाचे तर मुंबईची शासकीय मुद्रण तंत्र संस्था व पुणे विद्यार्थी गृहाचे महाविद्यालय ह्यांची चौकशी करावी. अक्षररचनेसाठी सर ज. जी. उपयोजित कला संस्था व पवईच्या आय. आय. टी.मधील अभिकल्प विभाग प्रसिद्ध आहेत. बालभारती, वाईचे विश्वकोश कार्यालय, राष्ट्रीय पुस्तक न्यास ह्यांची कामे कशी चालतात ते विद्यार्थ्यांनी निदान एकदा पाहावे.

आई-वडिलांचे भय निराधार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ह्या व्यवसायात आरंभीचा पगार बहुधा तुटपुंजा असतो. वेळी-अवेळी काम असते. नोकरीची शाश्वती थोडी असते. शिकाऊ उमेदवार म्हणून महिनोगणती फुकट राबवून घेणारेही भेटतात. भरमसाट शुल्क घेऊन झगमगाट दाखविणाऱ्या संस्थांपासून सावध राहावे. तेथून बाहेर पडलेल्या चार विद्यार्थ्यांस गाठून ते आज काय करतात हे विचारावे, आणि मगच पैसे भरावेत. विद्यार्थ्याने भाषेबरोबर दुसरा एक विषय पक्का करावा. शेती, कायदा, अर्थव्यवहार, आरोग्य ह्यांपैकी एकाचे खरे ज्ञान असलेला पत्रकार अडला राहत नाही. मराठी निर्दोष लिहावे, इंग्रजी चांगले वाचावे, हिंदी अंगवळणी पाडावी. आणि पहिली दोन-तीन वर्षे हे शिकण्याचे दिवस समजावे. मिशनचा छापखाना आवरला तेव्हा जावजी तरले, ते त्यांनी नेमल्या कामापलीकडचे शिकून ठेवले होते म्हणून. ज्या घरची परिस्थिती ही दोन-तीन वर्षे सोसण्यासारखी नसेल, त्या घरच्या मुलाने अन्य नोकरी करीत सायंकाळी हे काम शिकण्यात कोणताही कमीपणा नाही.

येथेच आमची संस्थेच्या चालकांस एक नम्र सूचना आहे. आपल्या शिष्यवृत्त्या वैद्यकी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस मिळतात, आणि त्या तशाच मिळत राहाव्यात. परंतु प्रतिवर्षी एक शिष्यवृत्ती, मग ती लहान का असेना, वृत्तपत्रविद्या, मुद्रण किंवा प्रकाशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. ती देताना गुणपत्रिकेबरोबर त्याने स्वतः लिहिलेले व स्वतः दुरुस्त केलेले दहा पानांचे लेखन पाहावे. सुरुवातीची दोन वर्षे ज्यास घरून मदत होऊ शकत नाही, त्यास हा आधार केवढा वाटेल हे गरिबीतून वर आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

दुसरी गोष्ट पैशांविनाही होण्यासारखी आहे. ही स्मरणिका दरवर्षी निघते. तिच्या जाहिराती गोळा करणे, लेख मागविणे, मुद्रिते तपासणे ही कामे तीच चार-पाच वडीलधारी माणसे करतात व अखेरच्या आठवड्यात थकून जातात. पुढील अंकासाठी महाविद्यालयातील सहा मुले-मुली निवडाव्यात. कोणी ज्ञातीतील वृद्ध कारागिरांच्या मुलाखती घ्याव्यात, कोणी मुद्रिते वाचावीत, कोणी पाने मांडावीत. चुका झाल्या तर त्या आपल्या घरच्या अंकात होतील व सांभाळून घेतल्या जातील. एखाद्याचे नाव, एखाद्याच्या वडिलांचे नाव, देणगीचा आकडा चुकता कामा नये, ही जबाबदारी अंगावर पडली म्हणजे शुद्धता म्हणजे काय हे पुस्तकाविना कळते. मुलांस ह्या कामात खरोखर गोडी आहे की नाही, हे त्यांच्या पालकांसही त्या दोन महिन्यांत उमगेल.

जावजींस दहाव्या वर्षी घासण्याचा दगड मिळाला. आपल्या मुलांजवळ शिक्षण आहे, साधने आहेत, पाठीशी ज्ञाती आहे. त्या दगडाजवळ बसण्याची चिकाटी त्यांनी दाखविली आणि घरच्यांनी धीर दिला, तर आपल्या गुणवंतांच्या यादीत संपादक व प्रकाशक ह्यांची नावे येण्यास फार काळ लागणार नाही. ती यादी निर्दोष छापली जावी ह्याची काळजीही मग त्यांनीच घ्यावी.